दुपट्ट्याले तिकीट नसते

जानराव भोयरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका दुपट्ट्याशी बोलत होते.

आर्वीच्या बसस्टँडवर गाडी लागलेली होती. सत्तरीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझी नोकरी नवी, गाव नवं; नदीकाठच्या एका गावच्या शाळेवर मला मास्तरीण म्हणून पाठवलं होतं आणि ट्रंक सांभाळत मी बसायला जागा शोधत होते. बाक रिकामे दिसत होते, पण प्रत्येकावर एकेक दुपट्टा. गडीमाणसाच्या खांद्यावरचा दुपट्टा खिडकीतून आत टाकला की जागा धरली, असा आमच्या भागातला कायदा आहे. धरणारा मग खुशाल बाहेर चहा पितो आणि आत म्हातारीकोतारी उभी राहते. तशी एक म्हातारी उभी होतीच. खाकी कपड्यातल्या कंडक्टरनं एक दुपट्टा दोन बोटांनी उचलला, त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि फार अदबीनं विचारलं, "कुठलं तिकीट फाडू जी तुमचं? रोहण्याचं का शेवटलं?"

दुपट्टा काय बोलणार? बस हसली. दुपट्ट्याचा मालक चहाचा कप टाकून धावत आला. "ओ कंडक्टर, ते जागा माही हाय. धरून ठेवली म्या."

"दुपट्ट्याले तिकीट नसते, राजा," कंडक्टर म्हणाले. "ज्याचं बूड त्याची जागा. तुमचं बूड तं बाहेर चहा पिऊन राह्यलं होतं."

त्यांनी म्हातारीला बसवलं, दुपट्ट्याची नीट घडी घालून मालकाच्या खांद्यावर ठेवली आणि "मांगं लय जागा हाय, सरका" म्हणून त्याला मागे पाठवून दिलं. मागे तसूभर जागा नव्हती. पण तो गेला, आणि हसत गेला.

पुढे हेच जानराव माझे शेजारी झाले. त्यांच्या घराला लागून दोन खोल्या होत्या, त्या मला मिळाल्या. मधली भिंत खांद्याइतकी, त्यामुळे भोयरांच्या घरचं बोलणं आणि फोडणी दोन्ही मला विनासायास मिळत असे. माझं माहेर वर्ध्याजवळ पिपरी मेघेला. एकटी बाई परगावात कशी राहणार, याची आईला फार काळजी. महिन्याभरात ती काळजी सोडून ती जानरावांच्या बायकोसाठी, यमुनाबाईंसाठी, लोणच्याची बरणी पाठवू लागली.

जानराव बुटके, सावळे, मानेनं जरा आखूड. आवाज मात्र दणकट. गंमत अशी, की समोरचा जितका ओरडेल तितका यांचा आवाज खाली जायचा, इतका खाली की भांडणाऱ्याला स्वतःचं भांडण थांबवून "काय म्हनलं?" असं विचारावं लागे. तिथेच अर्धी लढाई संपायची. उरलेल्या अर्ध्या लढाईसाठी त्यांचं एक शास्त्र होतं. "रागातल्या मानसाले कधी उभं ठेवू नये, बाई," ते मला सांगत. "उभा मानूस भांडते. बसला का अर्धा राग बुडाखाली जाते." एसटीतल्या आयुष्यानं शिकवलेलं हे शास्त्र ते सगळीकडे चालवत. लग्नाच्या मांडवात वरपक्ष रुसला की जानराव आधी सतरंजी आणायला पळत. यमुनाबाई चुलीपासून तावातावानं उठल्या की हे पाट पुढे सरकवत. "मले प्रवासी समजता का?" असं त्या विचारत. पण विचारता विचारता बसत.

आता डोहाबद्दल सांगते, कारण जानराव कंडक्टर म्हणून नोकरीला असले तरी त्यांचं खरं काम डोहावरच होतं असं मला वाटतं.

वर्धा नदी आमच्या गावाला अगदी खेटून जाते. अलीकडच्या थडीला वर्धा जिल्हा, पलीकडच्या थडीला अमरावती. पावसाळ्यात ती दोन्ही जिल्ह्यांना दमात घेते आणि उन्हाळ्यात इतकी आटते की गुरं पायी पलीकडे जातात. तेव्हा पोहण्याजोगं पाणी उरतं ते एकाच ठिकाणी, गावाखालच्या डोहात. डोहात एक मोठा काळा दगड आहे, त्याला हत्तीदगड म्हणतात. त्या हत्तीच्या पाठीवरून उडी मारणं हे साऱ्या पंचक्रोशीतल्या पोरांचं उन्हाळ्यातलं एकमेव ध्येय. मे महिन्यात तर जत्राच भरे. गावची पोरं, पलीकडची पोरं, सुटीत मामाकडे आलेले पाहुणे, आर्वीहून सायकलवर डबलसीट आलेले शौकीन. दगड मात्र एकच.

तो एक दगड कोणत्या जिल्ह्यात येतो, यावर आमच्या गावात फार विद्वत्ता खर्च झाली होती. जिल्ह्याची हद्द नदीच्या मधोमध आणि दगडही साधारण तिथेच. आमच्या पोरांचं म्हणणं, हत्तीची सोंड अमरावतीत असेल, पण पाठ वर्ध्यातच आहे. आणि उडी सोंडेवरून मारत नाहीत. पलीकडचे म्हणत, हत्तीच मुळात तिकडून आला. या वादात दरवर्षी कुणाचं नाक फुटे, कुणाचे कपडे काठावरून गायब होत. परका पोरगा दिसला की त्याला पाण्यात मुंडी धरून दोन डुबक्या देणं हा गावचा आहेर समजला जाई.

जानराव रजेच्या दिवशी काठावरच्या करंजाखाली जाऊन बसत. सोबत पाण्याचा पितळी गडवा आणि एक गोटा. गोट्यानं गडव्यावर एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चला, एसटीच्या घंटीसारखं. दगडावर एका वेळी एकच जण. त्यानं उडी मारली, त्याचं डोकं पाण्यावर आलं, की मग दोन ठोके, मग पुढचा. हा पुढचा कोणत्या जिल्ह्यातला आहे ते गडवा विचारत नसे. दोघं भांडलेच तर दोघांना पाण्याबाहेर काढून शेजारी शेजारी बसवायचं, अंग वाळेपर्यंत. उन्हात अंग वाळलं की दोघांनाही पुन्हा पाण्यात जायची घाई होते आणि भांडण कशावरून होतं ते आठवत नाही.

डोहात पाण्याखाली एक दडलेला दगड होता. गावच्या पोरांना तो ठाऊक, परक्याला नाही. परक्याची नडगी त्यावर फुटली की काठावर हसण्याचा पूर येई. जानरावांनी नियम केला, "पाहुण्याले आधी दगड दाखवा, मंग दात." जो सगळ्यात मोठ्यानं हसला असेल त्याला ते त्या दगडावर नेऊन उभं करत, छातीभर पाण्यात, म्हणजे येणाऱ्याला दगड कुठे आहे ते लांबून कळावं. दोन-चार हसऱ्यांची अशी दगडावर पाळी लागल्यावर हसणं कमी झालं.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी मंगळवारची दुपार स्त्रियांसाठी राखीव केली. गावात जो गहजब झाला तो विचारू नका. पोरं म्हणाली, डोह आमचा, आम्ही कुठे जावं? जानराव म्हणाले, "बशीत लेडीज सीटवर बसलेला गडी बाई आली का उठते. उठा." पोरं उठली, पण डोहात उतरायला बाई कोण मिळणार? सगळ्या जणी धुण्याचं निमित्त करून काठावर. शेवटी यमुनाबाईंनी लुगड्याचा काष्टा खोचला, सरळ हत्तीदगडावर चढल्या आणि असा सूर मारला की करंजामागे लपून पाहणाऱ्या पोरांनी तोंडात बोटं घातली. त्यांचं माहेर नदीकाठचंच. इतकी वर्षं नवऱ्याच्या गावच्या डोहात त्या पोहल्या नव्हत्या, कारण कुणी पोहत नव्हतं. त्यांच्यामागे पोरीबाळी उतरल्या. शेवटी मीही. तेलाचा रिकामा पिपा झाळून बंद करायचा, पाठीला बांधायचा आणि हातपाय मारायचे, ही तिथली शिकण्याची रीत. शाळेतल्या माझ्या विद्यार्थिनी मला पोहायला शिकवत होत्या आणि चुकलं की माझ्याच शब्दांत माझ्यावर रागवत होत्या. तिशी ओलांडल्यावर मी पाण्यात तरंगले. तो आनंद मी जानरावांच्या खात्यावर लिहून ठेवला आहे आणि ते देणं फिटावं असं मला वाटत नाही.

मी एकदा त्यांना विचारलं, "भाऊ, रजेच्या दिवशी माणूस झोपतो, वावरात जातो. तुम्ही काऊन उन्हात बसता?"

ते कुंपणाला काट्या बांधत होते. हात न थांबवता म्हणाले, "माहा एक लहान भाऊ होता, बाई. गनपत. आमचा बाप दुसऱ्या गावी सालदार होता, आमी तिथं उपरे. गावच्या विहिरीवर पोट्टे पोहाले जात. गनपत गेला का हाकलत. तुही विहीर हाय का बे, म्हनत. गनपतले तं शिकायचं होतं. मंग तो एकटाच गेला, गावाबाहेर गिट्टीची खदान होती पान्यानं भरलेली, तिथं. दहा पोट्टे असते तं एकानं तरी हात देल्ला असता."

एवढं बोलून त्यांनी काटी आवळली. पुढे कधी त्यांनी गणपतचं नाव घेतलं नाही. पण त्यानंतर गडव्यावरचे ठोके मला वेगळे ऐकू येऊ लागले.

जानरावांच्या आयुष्यातली खरी कसोटी मात्र परक्यानं नाही, घरच्यानंच घेतली. त्यांचा एकुलता एक मुलगा विनायक, म्हणजे विन्या. मी गावात आले तेव्हा शेंबडा होता. सतरा वर्षांचा झाला तेव्हा हत्तीदगडावरून त्याच्यासारखी उडी दोन्ही जिल्ह्यांत कुणाची नव्हती. त्या वर्षी लग्नसराईच्या जादा गाड्या होत्या, जानरावांना रजा मिळेना. करंजाखाली गडवा नाही म्हटल्यावर डोहाचं राज्य विन्याकडे आलं. त्यानं आणि त्याच्या टोळीनं काय करावं? बापाच्याच गाडीतला कायदा डोहावर आणला. सकाळीच पोहत जाऊन हत्तीच्या पाठीवर आपले दुपट्टे पसरायचे, वर गोटे ठेवायचे, आणि दिवसभर कुणी आलं की सांगायचं, जागा धरली हाय.

पलीकडच्या गावचा रमेश नावाचा मुलगा एका दुपारी आला. बारीक, मुखदुर्बळ पोरगा. आर्वीच्या हायस्कुलात जायला रोज नदी उतरून आमच्या गावी गाडी धरायचा. त्यानं एक दुपट्टा बाजूला सारला आणि उडी मारली. तो दुपट्टा विन्याचा होता. विन्यानं त्याला पाण्यात गाठला आणि मुंडी धरून दाबला. नेहमीच्या दोन डुबक्यांवर थांबला नाही. शेवटी त्याच्याच मित्रांनी हात ओढून काढला. रमेश काठावर पाणी ओकत पडला आणि मग उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कामासाठी मी आर्वीला निघाले होते. गाडीत जानरावच ड्यूटीवर. स्टॉपवर पलीकडचे सुखदेव आजा चढले, गुडघ्यापर्यंत धोतर ओलं, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला धरलेला रमेश. रमेशला खोकल्याची उबळ थांबत नव्हती.

"काय झालं जी नातवाले?" जानरावांनी तिकीट फाडता फाडता विचारलं.

"काय होईन? तुमच्या गावच्या पोट्ट्यानं डोहात दाबून धरला," आजा म्हणाले. "पानी छातीत गेलं. डाक्टरले दाखवाले नेऊन राह्यलो. घागरीतलं पानी पाह्यलं तरी हा आता मांगं सरते."

"कोनाचा पोट्टा?"

"नाव नाई माहीत. कंडक्टरचा हाय म्हने."

गाडीत आमच्या गावची दहा-बारा माणसं होती. सगळी खिडकीबाहेर पाहू लागली. जानरावांचा तिकिटाचा चिमटा हातातच राहिला. मी पुढच्या बाकावर होते. तिथून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ही बातमी त्यांना आत्ताच कळत होती. त्यांनी तिकीट आजांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तो कंडक्टर म्याच, आजा."

आजा अंगावर आले. काठी वर गेली. जानराव मागे सरले नाहीत. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मारा. पन बसून मारा. गाडी हालते, तुमी पडान."

तेवढ्यात खड्डा आला, आजांचा तोल गेला आणि जानरावांनी त्यांना दोन्ही हातांनी धरून आपल्या स्वतःच्या सीटवर बसवलं. रमेशलाही शेजारी बसवलं. आर्वी येईपर्यंत स्वतः उभे राहिले. आजा धापा टाकत म्हणाले, "उद्या आमचे गडी डोहावर येतीन. तुहा पोट्टा पाहून घेतो आमी."

"येऊ द्या. दुपारून या," जानराव म्हणाले. "म्या रजा काढतो." आर्वीला गाडी लागल्यावर ते दोघांना डॉक्टरच्या दारापर्यंत पोचवून आले.

संध्याकाळी भिंतीपलीकडे यमुनाबाई रडत होत्या. सकाळच्या गाडीनं विन्याला देवळीला मामाकडे पाठवून द्यावं, असं त्यांचं म्हणणं. "ते लोक पोट्ट्याले जित्ता सोडतीन का?"

"पाठवला तं जाईन," जानराव म्हणाले. "पन मंग तो जल्मभर पयतच राह्यते."

"त्यानं माहा दुपट्टा उचलला," विन्या म्हणाला. घाबरलेला होता, पण गुर्मी उतरली नव्हती.

"दुपट्टाच उचलला ना? तुले तं नाई उचललं?" मग पाट सरकवल्याचा आवाज आला. नंतर जानराव म्हणाले, "खदानीत गेला तो तुहा काका होता. विहिरीवरून ज्यायनं हाकलला तेही सतरा-अठराचेच होते. त्यायचे बाप चांगले असतीन, तुह्या बापासारखे. पन ते तिथं नव्हते." आवाज इतका खाली होता की मला भिंतीला कान लावावा लागला, आणि मी लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारं गाव नदीवर. मी आणि यमुनाबाई घाटाच्या पायरीवर उभ्या. यमुनाबाईंनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. पलीकडून वीस-पंचवीस गडी काठ्या घेऊन नदी उतरून आले, पुढे सुखदेव आजा, मागे रमेश. आमच्याकडचीही पोरं करंजामागे काठ्या घेऊन दबा धरून होती. एक काठी कुठे पडली असती तर दोन्ही गावांत प्रेतं उचलावी लागली असती, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं.

जानराव विन्याला म्हणाले, "दगडावरचे दुपट्टे आन सारे."

तो गेला, हत्तीच्या पाठीवरचे सगळे दुपट्टे गोळा केले आणि पिळ्यासारखे डोक्यावर गुंडाळून पोहत आला. "आता हातर," जानराव म्हणाले. विन्याला कळेना. "करंजाच्या सावलीत हातर. पाहुणे आले ना आपल्या घरी?"

वावरात पाहुणा आला आणि जवळ सतरंजी नसली, तर आमच्याकडे खांद्यावरचा दुपट्टा काढून अंथरतात. त्यावर न बसणं म्हणजे अंथरणाऱ्याच्या घरचं पाणी नाकारणं. शत्रूही तसं करत नाही. विन्यानं वाळूत एकेक दुपट्टा पसरला, काठ नीट केले. करंजामागून कुणीतरी कळवळलं, "भाऊ, तो माहा नवा हाय."

"मंग तं पाहुण्याले चांगलाच बसन," जानराव म्हणाले.

मारायला आलेली माणसं दुपट्ट्यांकडे पाहत राहिली. आता करायचं काय, हे काठ्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मग सुखदेव आजा बसले. त्यांच्यामागे एकेक जण बसला, काठ्या मांडीवर. सगळे बसल्यावर जानराव त्यांच्यात जाऊन बसले, वाळूवर. उभा राहिला तो फक्त विन्या.

"हा समोर उभा हाय," जानराव म्हणाले. "मारायचा असन तं मारा, म्या मंधात येत नाई. पन मारून नातवाचं भेव जाईन का, तेवढं सांगा आजा."

आजा रमेशकडे पाहू लागले. तो पाण्यापासून लांब, वाळूच्या कडेला उभा होता. येताना त्याला एका गड्यानं खांद्यावर घेऊन नदी उतरवली होती, हायस्कुलात जाणाऱ्या पोराला. "भेव कसं जाईन?" आजा म्हणाले. "नदीकाठी राह्यते अन् पान्याले भेते. त्याची शाळा या थडीले. कसा जगन हा?"

"विन्यानं घातलं ते विन्याच काढन. रोज तुमच्या थडीले येईन, तुमच्यासमोर. तुमचा नातू हत्तीदगडावरून उडी मारत नाई तोवर हाही नाई मारनार."

"अन् माहा नातू जल्मभर नाई उतरला तं?"

"तं हाही जल्मभर नाई."

विन्याचा चेहरा मी पाहिला. मार खायची त्यानं तयारी केली होती, याची नव्हती. सतरा वर्षांच्या त्या पोराकडे त्या उडीशिवाय अभिमानाचं दुसरं काही नव्हतं. त्यानं बापाकडे पाहिलं, मग रमेशकडे, आणि मान हलवली. पलीकडचे गडी उठले, जाताना त्यांनी दुपट्टे झटकून घडी करून ठेवले. यमुनाबाईंनी माझा दंड सोडला तेव्हा त्यावर बोटांचे वळ होते.

त्या उन्हाळ्यात विन्या रोज पलीकडे गेला. गुडघाभर पाण्यात बसून राहायचा, आणि रमेश काठावर पाठ फिरवून. दोन्ही गावची पोरं हसत. विन्याच्याच टोळीतला एक जण हत्तीदगडावरून उडी मारताना मुद्दाम त्याला हाका मारी. पुढे रमेशनं तोंड फिरवलं, मग पाय पाण्यात सोडले, मग गुडघ्यापर्यंत आला. तेवढ्यात नदीला पूर आला आणि हंगाम संपला. घरी जानरावांनी एका शब्दानं विचारलं नाही. मी म्हटलं, विचारा तरी. ते म्हणाले, "विचारलं तं पोट्टा मले दाखवासाठी करीन. त्याले त्या पोट्ट्यासाठी करू द्या."

पुढच्या उन्हाळ्यात विन्या कुणी न सांगता पुन्हा गेला. आता दोघं बोलत बसलेले दिसत. एका संध्याकाळी मुक्कामी गाडी गावात शिरली तेव्हा स्टॉपवर सुखदेव आजा उभे होते. मी आर्वीहून त्याच गाडीनं आले होते. आजांना कुठे जायचं नव्हतं. जानराव दार उघडून खाली वाकले तसे ते म्हणाले, "नातवानं उडी मारली आज. त्याच्यामांगं तुमच्यानं मारली." आणि नदीकडे चालू लागले. जानराव गाडीच्या पायरीवरच बसले. उतरणारी माणसं खोळंबली, पण कुणी "सरका" म्हटलं नाही. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले, मग उठून सगळ्यांना उतरवलं.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा माझी बदली देवळीला झाली. जानराव तोवर निवृत्त झाले होते. मी निघाले त्या सकाळी अर्धं गाव स्टॉपवर आलं होतं. यमुनाबाईंनी ओटी भरली, गळ्यात पडून रडल्या. विन्यानं, आता तो दोन मुलांचा बाप, ट्रंक टपावर चढवली. जानराव मात्र आले नाहीत. "सकाईच नदीवर गेले," यमुनाबाई म्हणाल्या. मला मनातून फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांची शेजारीण जाते आणि माणसाला नदी सुचते.

गाडी सुटली. गावाबाहेर रस्ता थोडा वेळ नदीच्या कडेनं जातो. तिथं त्या वर्षी वीटभट्टी लागली होती आणि भट्टीवरच्या गोंड मजुरांची पालं पडली होती. त्यांची पोरं आपसात आपल्या भाषेत बोलत. गावची पोरं त्यांना अजून डोहाकडे फिरकू देत नव्हती. मी खिडकीतून पाहिलं तर पालांखालच्या उथळ पाण्यात जानराव कमरेइतके उभे होते, बंडी भिजलेली, आणि त्यांच्या हातांवर पोटावर आडवी झालेली पालातली एक चिमुकली पोरगी, आठेक वर्षांची, जीव खाऊन पाय मारत होती. काठावर तिची आई उभी होती. आसपास गावची चार पोरं पाण्यात उभी होती, जानरावांनी आणलेली असावीत.

माझा रुसवा तिथंच गळून पडला. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. जानराव पोरीला काहीतरी सांगत होते, अगदी खालच्या आवाजात, कारण ती घाबरून ओरडत होती. मग त्यांनी दोन्ही हात पाण्याबाहेर काढले आणि वर धरून तिला दाखवले.

ती बुडाली नाही.